मार्चातली चाचणी

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी चंद्रपूरला कॉलेजात होते, त्यामुळे मी पुढे कोणतं काम धरलं हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तर ऐका. आता सगळ्यांच्या हातात फोन आहेत आणि त्यांना इंटरनेट लागतं. उद्याचं इंटरनेट कसं असावं यावर जगभर संशोधन चालतं. त्याला कोणता देश कसा पैसा देतो आणि तयार झालेली गोष्ट कुठे नेऊन तपासतो, याची तुलना करणारा अहवाल मी लिहिते आहे. तुम्ही म्हणाला असता, "याचे पैसे भेटते तुले?" भेटते बाबा, दर अकरा महिन्यांच्या करारावर भेटते. यंदा मला पर्मनंट करायचं घाटत आहे.

तुलना तशी सोपी आहे, मोठ्या शब्दांनी उगाच अवघड केली आहे. अमेरिकेची रीत म्हणजे फेकून पेरलेलं धान. पुष्कळ विद्यापीठांना आपसात भिडवायचं, जिंकतील त्यांना पैसा द्यायचा, बरंच वाया जाणार हे धरूनच चालायचं. पण उगवलं ते खऱ्या शहरात, आता तर शेतातसुद्धा नेऊन लावतात. युरोपात सगळं गाव मिळून धानाची रोवणी करावी तसं आहे. चार देश, त्यांची विद्यापीठं, कंपन्या एका बांधावर आणायच्या, कागदपत्रांचा चिखल तुडवायचा, पण प्रयोगाच्या जागा एकमेकींना जोडून ठेवायच्या आणि बाहेरच्यालाही वापरू द्यायच्या. जपान एकच बांधी, धानाचा एकच तुकडा, धरून बसतो. सरकारी संस्था, तिचं देशभर पसरलेलं चाचणीचं जाळं, आणि तेच वर्षानुवर्षं राखायचं. तिघांपैकी कोण शहाणा, यावर मी तीस पानं लिहिली आहेत आणि मलाच वाचताना जांभई येते.

गाडी अडली ती आपल्याकडच्या प्रकरणावर. आपली रीत कोणी ठरवून पाडलेली नाही, ती पडली आहे. मंजुरी दिवाळीनंतर येते, सामान संक्रांतीच्या आसपास पोचतं आणि मार्चअखेरीच्या आत खर्च करून "चाचणी यशस्वी" असा कागद द्यावा लागतो, नाहीतर पैसा परत जातो. म्हणजे आपल्या जिल्ह्यातली प्रत्येक चाचणी फेब्रुवारी-मार्चात होते. बाहेरच्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. तुम्हाला लगेच दिसलं असतं.

तुमच्या वनखात्याच्या रेंज ऑफिसात नवे वायरलेस सेट आले होते ते साल आठवतं? मी सहावीत असेन. तुमच्या ऑपरेटरच्या खोलीत तुम्ही दुपारी पोळी-वरण खायला बसलेले, आणि मी एक सेट उचलून अंगणात जाऊन बोलतेय, हॅलो, हॅलो, ऐकू येते का बाबा? आत येऊन मी ऐटीत सांगितलं, सेट एकदम झकास आहे. तुम्ही तोंडातला घास संपवलात आणि असे बरसलात की मी रडकुंडीला आले. "अंगणातून सारंच ऐकू येते. गार्डाले का अंगणात वाघ दिसते?" मग त्याच आठवड्यात साहेब आले, सेट पास झाल्याचा कागद पुढे केला, आणि तुम्ही हात मागे बांधून उभे. उन्हाळ्याचे दिवस, सागाची झाडं नुसती खराट्यासारखी उभी. तुम्ही म्हणालात, "सागाले पान येऊ द्या साहेब, मंग सही करतो. भर पानाच्या जंगलात, पावसात आवाज आरपार जाते का नाई, पाह्यतो." साहेब हसले, मग चिडले. दोन महिन्यांत तुमची बदली सिरोंच्याला. आई सामान बांधताना म्हणत होती, "एक सही केली असती त का झाडं उपटून पडले असते?" खरं सांगू, तेव्हा मी आईच्या बाजूने होते. शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, सिरोंच्याला तेलुगू बोलणाऱ्या पोरींत मी वर्षभर मुकी बसले. तुमचा फार राग आला होता मला.

आता माझं सांगते. या अहवालाआधी चाचण्या घेण्याचं कामही माझ्याकडेच होतं. एटापल्लीच्या पुढे एक गाव आहे, तिथल्या आरोग्य उपकेंद्राच्या छपरावर आम्ही गेल्या वर्षी इंटरनेट पकडणारा एक डबा लावला. डोंगरावरच्या टॉवरवरून जंगलावरून इंटरनेट यायचं आणि सिस्टरला गडचिरोलीच्या डॉक्टरांशी समोरासमोर बोलता यायचं. मार्चात चित्र असं स्वच्छ आलं की डॉक्टरांच्या चष्म्यावरचा डागसुद्धा दिसत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरनं मला चहा दिला आणि विचारलं, "म्याडम, पावसाळ्यात चालन ना हे? आमचा रस्ता तेवाच बंद रायते." मी म्हणाले, चालेल. कागदावर सही केली.

जुलैत गावातली एक माउली कळा देत उपकेंद्रात आली. नाल्याला पूर, गाडी पलीकडे अडकलेली. सिस्टरनं पहाटेपासून डबा लावून पाहिला, चित्र येईना, आवाज तुटे नाहीतर फाटे. ओली पानं सगळा सिग्नल पिऊन टाकतात, हे विज्ञान आहे, त्यात कोणाचा दोष नाही, असं मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला समजावलं. गावातल्या लोकांनी खाटेवरून बाईला नाला पार करून नेलं. बाई वाचली. लेकरू नाही वाचलं. मी ऑगस्टमध्ये तिथे गेले तर सिस्टर ओरडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "उन्हाळ्यात त मी पायी बी पोचवते म्याडम. मले हे पावसाळ्यासाठीच पाह्यजे होतं." मला तिच्यासमोर बसवेना. बाहेर येऊन गाडीत रडले, ड्रायव्हर बिचारा तंबाखू मळत दुसरीकडे बघत राहिला.

म्हणून अहवालात मी एक परिच्छेद घातला आहे. आपल्याकडे पैसा ज्या महिन्यांत येतो तेच चाचणीचे महिने होतात, आणि ते नेमके पानगळीचे असतात; तेव्हा उपकेंद्रातली ही चाचणी चुकीची धरावी आणि पावसाळ्यात पुन्हा घ्यावी. तोच डबा आता भामरागडकडच्या गावांत लावायला निघाला आहे, त्याआधी थांबावं. आमच्या साहेबांचा काल फोन आला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "म्याडम, तुलना लिहायला सांगितली होती, तुम्ही जुनं काऊन उकरून राह्यल्या? अमेरिका लिहा, जपान लिहा. त्या कागदावर सही तुमचीच आहे, हे विसरू नका. आणि तुमची फाईल माझ्या टेबलावर आहे." यात धमकी किती आणि काळजी किती, मला अजून कळलेलं नाही. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुझं तू बघ, पण घराच्या हप्त्याचं लक्षात ठेव.

मी परिच्छेद काढलेला नाही. उलट त्यात एक ओळ वाढवली, की मूळ चाचणी मी घेतली आणि ती यशस्वी आहे असं मीच लिहून दिलं. आज सकाळी अहवाल पाठवला. पुढे काय होईल ते होईल. मला शूर वगैरे समजू नका, पाठवल्यावर पहिला विचार आला तो पर्मनंटचाच.

त्या ओळीत मी लिहिलं आहे, "पानांचा परिणाम त्या वेळी लक्षात आला नाही." अहवालात असंच लिहितात, आणि कुणी विचारणारही नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून इथे तरी नीट लिहिते. त्या मार्चात उपकेंद्रापासून गाडीपर्यंत चालताना पायाखाली सागाची वाळकी पानं कराकरा वाजत होती, आणि मला तुम्ही आठवला होतात, हात मागे बांधून उभे. मी तरी सही केली. मले माहीत होतं, बाबा.