झुलालचा दाखला

धुळे, ता. ५ डिसेंबर १९५५

चि. सौ. कुंदास नानाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील कुशल वाचून समाधान झाले. शुद्धलेखन पाहून झाले नाही.

झुलालला काल कामावरून काढले. बारा वर्षे त्याने माझी मोटार चालवली, म्हणून तुला वाईट वाटेल. ते वाटून घे आणि पुढे वाच. दिवाळीपासून गाडी जागची हलताना हिवताप भरल्यासारखी कापते. एकदा वेग घेतला की शांत. परवा पाहुण्यांदेखत फाटकातच माझी टोपी मांडीवर आली.

मी अंदाजाने बोलत नाही. बांधकाम खात्यात सत्तावीस वर्षे कंत्राटदारांच्या सदोष भिंती पाडायला लावल्या आहेत. इंजिनाचे बोल्ट आवळले, खालचे रबर बदलले, क्लचची दांडी मोजली. सर्व निर्दोष. उरला झुलालचा पाय. तो पेडलवर टेकून राहतो, दुसरे काय? गाडीखाली शिरून पाहू द्या, म्हणाला. मी नकार दिला. माझ्या यंत्राला हत्यार मी लावतो. त्याने चाक धरावे. ‘क्लचवर पाय ठेवून गाडी नासवतो’ असे दाखल्यात स्वच्छ लिहून दिले आहे.

मुलांना आशीर्वाद. लोभ असावा, पण त्यापायी माझ्याशी वाद नसावा.

तुझा,
नाना


जळगाव, ता. ९ डिसेंबर १९५५

ती. नाना यांस कुंदाचे शिरसाष्टांग नमस्कार.

वाद नसावा म्हणालात, म्हणून फक्त हकिगत लिहिते. झुलाल आमच्या ओसरीवर बसला आहे. इथल्या कापसाच्या दोन जिनांत तुमचा दाखला वाचून त्याला दारातूनच परत पाठवले. तुमचे अक्षर सुरेख आहे. ते सर्वांना वाचता येते.

मी त्याला खोदून विचारले. तो म्हणाला, की पायाने क्लचचे अस्तर झिजले असते तर गाडी चढावर दम सोडती, हलताना कापती नही. मग खाली मान घालून म्हणाला, की तेल टपकनं बंद व्हयनं, नि गाडी थरथराले लागनी. तुम्ही इंजिन दुरुस्त केले असेल, असे त्याला वाटले. मालकाला विचारायची तुमच्या घरात रीत नाही.

नाना, दसऱ्याला माहेरी आले तेव्हा मोटारीच्या पूजेची रांगोळी मी काढली होती. तीवर काळा थेंब पडला तेव्हा तुम्ही केवढे संतापलात. झुलाल सणाला गावी होता. तुम्ही गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलात आणि माझ्याकडून औषधाच्या बाटलीचे बूच व लाख मागून घेतलीत. ते बूच कुठे आहे? मी आपली विचारते. मला शुद्धलेखनही येत नाही.

वहिनींस नमस्कार. राग आला तरी उत्तर धाडावे.

आपली,
कुंदा


धुळे, ता. १२ डिसेंबर १९५५

चि. सौ. कुंदास आशीर्वाद.

बूच काढले. तांब्याभर काळे तेल माझ्या कोपरापर्यंत ओघळले. क्लचच्या टोपाला तळाशी एक भोक असते. इंजिनातून पाझरलेले तेल तिथून बाहेर पडावे, क्लचच्या अस्तरापर्यंत पोचू नये, एवढ्यासाठीच. ते मी फरशीच्या स्वच्छतेपायी बुजवले; तेल अस्तराला लागले आणि गाडी कापू लागली.

तुला आठवत असेल, मी भिंती कशासाठी पाडायला लावत असे. कंत्राटदारांनी पाणी निघून जायची भोके ठेवलेली नसत. त्यांना मी जे शब्द वापरले, ते आज सकाळपासून मला आठवत आहेत. ते तुझ्यापुढे लिहिण्यासारखे नाहीत.

सोबत नवा दाखला आहे : ‘मालकाने तेल जाण्याचे भोक बुजवले. चालकाचा पाय निर्दोष.’ दोन्ही जिनांत तो तू स्वतः दाखव. जुना माझ्याकडे परत धाड. मग झुलालला विचार, परत येतो का. नाही म्हणाला, तर आग्रह करू नकोस. येतो म्हणाला, तर सांग की हत्यारांच्या पेटीची किल्ली दाराच्या खुंटीला लावली आहे.

फरशीवर थेंब पडत आहेत. पडोत.

लोभ वाढावा असे काही मी केलेले नाही. आहे तेवढा राखावा.

तुझा,
नाना