घर, गोदाम आणि परड्यातला खड्डा

मी, कलगोंडा पारिसा मगदूम, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा पूर्वी तंबाखूचा व्यापार, हल्ली काही नाही, राहणार निपाणी, जिल्हा बेळगावी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, ती दोन वर्षांपूर्वी गेली. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी रक्तदाब पाहिला, आज वार कोणता ते विचारले आणि माझे डोके ठिकाणावर असल्याचे लिहून दिले.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझी पत्नी ब्राह्मी माझ्यामागे राहील असे मी गृहीत धरले होते.

कचेरीत कन्नड प्रत लागल्यास ती वकील हरिभाऊ याळगी, राहणार अनगोळ, यांनी करून घ्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. कन्नड करताना टोमणे गाळू नयेत.

१. मला दोन मुले. मुलगा अभिनंदन नव्या कॉलनीत बंगला बांधून राहतो. नगरपालिकेत निवडून येण्याची त्याची इच्छा गावात सर्वांना ठाऊक आहे, कारण प्रत्येक सणाला तो चौकात हात जोडून उभा असतो, फलकावर. मुलगी प्रणिता बेळगावात शिक्षिका आहे. माझ्यामागे दोघांत भांडण होऊ नये अशी माझी इच्छा आहे. होईल असा अंदाज आहे.

२. वाटणीआधी ब्राह्मीविषयी लिहिणे भाग आहे, कारण आज वाटण्यासारखे जे काही उरले आहे ते तिच्यामुळे. मी मिळवत होतो हे खरे, पण उडवतही मीच होतो.

आम्हा जैनांत शिळे खात नाहीत. त्यामुळे पुष्कळ घरांत उरलेले अन्न सरळ टाकतात आणि त्याला धर्म म्हणतात. ब्राह्मी तांदूळ घेण्याआधी प्रत्येकाला विचारी, "भूक किती हाय?" पाहुण्यांनाही विचारी. जावयाला पहिल्या दिवाळसणाला विचारले तेव्हा मी वर्तमानपत्रामागे तोंड लपवले. दोडक्याच्या शिरांची चटणी होई, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचे धपाटे होत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी लिहिली जाई, त्यामुळे वाण्याला गावातली सगळी लग्ने आमच्या यादीवरून कळत. दुधाची पिशवी कापताना ती कोपरा कधी तुटू देत नसे. म्हणे, तो तुकडा फार बारीक, कोणी उचलत नाही, मग गाईच्या पोटात जातो.

सन १९९४ मध्ये तिने माझ्या शर्टाची झिजलेली कॉलर उसवून उलटी लावली. चिकोडीच्या बाजारात एका व्यापाऱ्याने ती बरोबर ओळखली आणि चारचौघांत म्हणाला, "मगदूम, कॉलर उलटी केलीया व्हय? धंदा लईच बसलेला दिसतोय." सगळे हसले. मी घरी आलो, शर्ट काढला आणि रस्त्यावर भिरकावला. म्हणालो, "माझी अब्रू घालवलीस."

ती बाहेर गेली, शर्ट उचलून झटकला आणि म्हणाली, "अब्रू एवढी पातळ असंल तर तिलाबी अस्तर लावून देते की."

मी आठ दिवस बोललो नाही. तो शर्ट पुढे उशीचा अभ्रा झाला, मग फडके, मग भांडी उतरवायचे धरणे. अकरा वर्षे तो घरात होता. त्या अकरा वर्षांत मी तीन मोटारी बदलल्या.

३. ब्राह्मी डिसेंबर २०२३ मध्ये तीन दिवसांच्या तापाने गेली. अभिनंदनने मला हॉटेलचा डबा लावून दिला. डबा म्हणजे एका वेळच्या सहा प्लास्टिकच्या डब्या, प्लास्टिकचा चमचा आणि लोणच्याची पुडी. मी निम्मे खात असे, निम्मे झाकणासकट बादलीत टाकत असे. कचऱ्याची बादली रोज भरू लागली. पुढे दोन बादल्या झाल्या. माझे लक्षही गेले नाही.

आमच्या गल्लीतला कचरा मंगल नेते. मुलीच्या बाळंतपणासाठी ती दोन महिने लोंढ्याला होती, म्हणून तिला काही कळले नव्हते. परत आल्यावर पहिल्याच सकाळी तिने बादली उचलली, तशीच खाली ठेवली आणि मला हाक मारली.

"अण्णा, आक्का गावाला गेल्यात व्हय?"

"कोण म्हणालं?"

"कुणी न्हाय. बादली जड लागली."

मी सांगितले. तिने पदर डोक्यावर घेतला. कचऱ्याच्या गाडीवर कन्नड गाणे वाजत होते, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. ती हलली नाही.

"ह्या दारातनं आठवड्याला एक मूठ कचरा न्हेत हुते मी," ती म्हणाली. "आक्का म्हणायच्या, मंगल, तेवढाच तुझा हात कमी दुखंल."

मी पन्नास वर्षे समजत होतो की बाई पैसे वाचवते.

४. घरामागच्या परड्यातला खड्डा. ब्राह्मी त्यात ओला कचरा टाकून खत करत असे. मी तो परत सुरू केला आणि पहिल्याच महिन्यात हॉटेलची आमटी, ताक आणि भात त्यात ओतून असा वास उठवला की शेजारचे आण्णाप्पा चौगुले, निवृत्त मास्तर, भिंतीवरून डोकावून ओरडले, "कलगोंडा, तुझ्या परड्यात काय मेलंय रं?"

नंतर त्यांनी लेखी तक्रार केली. चौतीस वर्षे ज्यांनी माझ्या गोदामातल्या तंबाखूचा नाकाला झोंबणारा खाट न बोलता सोसला, त्यांना माझी आमटी सोसली नाही. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः मुंगीला वाट देणाऱ्या घरात जन्मलो आणि आयुष्यभर तंबाखू विकला. अहिंसा गोदामाच्या दारात चपलांशेजारी काढून ठेवायची मला सवय होती.

खड्डा मंगलने सुधारला. वाळका पाला घालायचा, शिजलेले घालायचे नाही, पावसाळ्यात फावडे मारायचे नाही कारण गांडुळे तुटतात. हा शेवटचा नियम ब्राह्मीचाच, मंगलने तो तिच्याकडून ऐकला होता. मी हॉटेलचा डबा बंद केला आणि वरणभात शिकलो. पहिले चार दिवस तांदूळ किती घ्यायचा हेच कळेना. मग स्वतःलाच मोठ्याने विचारू लागलो, "भूक किती हाय?" उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही.

दिवाळीनंतर आण्णाप्पा गुलाबासाठी खत मागायला आले. तक्रारीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

५. ब्राह्मीचे प्रथम पुण्यस्मरण अभिनंदनने मंगल कार्यालयात केले. विषय ठेवला होता पर्यावरण. जिने आयुष्यात पाण्याचा तांब्या कधी अर्धा ओतून दिला नाही, तिच्या नावाने पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या टेम्पोने आल्या. प्रमुख पाहुण्यांनी एक घोट घेऊन बाटली खुर्चीखाली ठेवली आणि पृथ्वीच्या भवितव्यावर पाऊण तास बोलले. जेवणात पाच पक्वान्ने होती. "भूक किती हाय" हे कोणी कोणाला विचारले नाही.

निघताना प्रत्येकाला एक कापडी पिशवी देण्यात आली. पिशवीवर ब्राह्मीचा फोटो, रेशनकार्डासाठी काढलेला. वर अभिनंदनचा फोटो, मोठा. खाली "प्लास्टिक टाळा". आणि प्रत्येक पिशवी प्लास्टिकच्या वेष्टनात.

मी म्हणालो, "अभिनंदन, हे काय रं?"

"आप्पा, आईचंच काम म्होरं न्यायला लागलोय की."

"मग हे वरचं प्लास्टिक?"

"मळती ओ पिशवी, वाटायच्या आधी."

लोक पांगल्यावर प्रणिता पदर खोचून हॉलभर खुर्च्यांखालून बाटल्या गोळा करत होती. अर्ध्या भरलेल्या बाटल्यांतले पाणी ती बाहेरच्या झाडांना घालत होती. तिला कोणी सांगितले नव्हते. तिचा फोटोही कोणी काढला नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, बाजारदिवशी, चहाच्या गाड्यासमोर मला ब्राह्मी दिसली. एका मोटारसायकलच्या हँडलला ती पिशवी लटकत होती आणि पिशवीतून, तिच्या चेहऱ्याच्या बरोबर वर, जिवंत कोंबडीचे डोके बाहेर आले होते. गाडीवाला भावकू नावाचा, बेळगावजवळ मच्छे गावच्या कारखान्यात कामाला, सुट्टीला गावी आलेला. कोंबडी रात्रीच्या जेवणाची होती.

मी मोटारसायकलचे हँडल धरले. मी त्याला सांगितले, ही माझी बायको आहे. तो एकदम घाबरला. त्याला वाटले मी कोंबडीविषयी बोलतोय.

समजूत पटल्यावर तो फार नम्रपणे वागला. मी म्हणालो, कोंबडी आणि पिशवी दोन्ही दे, मागशील ते देतो.

"कोंबडी घ्या अण्णा," तो म्हणाला, "पण पिशवी न्हाय जमायचं. लई मजबूत हाय. ह्या पंधरा दिवसांत प्लास्टिकची एक पिशवी घेतली न्हाय बघा मी. भाजी, दळाण, पोरांची दप्तरं, समदं हिच्यातनंच."

मी कोंबडीचे पैसे मोजले.  त्याने कोंबडी माझ्या काखेत दिली, पिशवी झटकली, नीट घडी घालून खिशात ठेवली आणि गेला. गावभर वाटलेल्या पिशव्यांतल्या बहुतेक गटारात किंवा माळ्यावर गेल्या असतील. भावकूकडची कामाला लागली होती. ब्राह्मीला यातले काय पटले असते आणि काय नाही, हे मी अजून ठरवू शकलो नाही.

मगदूमांच्या घरातला माणूस काखेत कोंबडी घेऊन भर बाजारातून गेला, याची आठवण गावाला पुढची वीस वर्षे पुरेल. घरी आल्यावर कोंबडीने खड्डा उकरून गांडुळे खायला सुरुवात केली. जीव वाचवून जीवहिंसा घरात आणली, म्हणून ती मी मंगलला दिली. कापणार नाही अशी तिने शपथ घेतली आहे. कोंबडी माझ्या हयातीतच दिली असल्याने ती या मृत्युपत्रात येत नाही.

६. आता वाटणी.

राहते घर, परडे व खड्डा यांसह, प्रणिताला मिळावे. अभिनंदनला ते पाडून आईच्या नावाने दुकानगाळे बांधायचे होते. आईचे नाव त्याने एकदा छापले आहे, तेवढे पुरे.

गोदाम, त्यामागची जमीन आणि गोदामावरची तंबाखूची पाटी काढून टाकण्याचा हक्क अभिनंदनला मिळावा. बँकेतील ठेवी दोघांना निम्म्या. अभिनंदन, हे वाचून माझ्यावर रागावशील. रागावण्याआधी एवढे वाच. तुझ्यातला एकही दोष असा नाही जो तू माझ्या घरात शिकला नाहीस. कपडे फेकताना तू मला पाहिलेस, आईला उचलताना पाहिले नसशील, कारण ती ते आवाज न करता करत असे. गोदाम तुला रागाने देत नाही. ते तुझ्या बंगल्याहून भक्कम आहे.

उरलेल्या पिशव्या, ज्या माझ्या माळ्यावर त्याने ठेवल्या आहेत, त्या अभिनंदनने स्वतःच्या हाताने वेष्टनातून काढाव्यात आणि भाजीबाजारात उभे राहून वाटाव्यात. फोटोग्राफर नसावा. ही अट पाळली नाही तर त्याच्या वाट्याला धक्का लागत नाही. हरिभाऊ म्हणाले, अशी अट टिकणार नाही. तरी लिहून ठेवली आहे.

आण्णाप्पा चौगुले यांना दरसाल दोन बुट्ट्या, म्हणजे भरल्या टोपल्या, खत द्यावे, मात्र त्यांनी मागितल्यावरच.

७. माझ्यामागे फलक, बाटल्या, पाहुणे नकोत. जेवण घातलेच तर तांदूळ घेण्याआधी येणाऱ्यांना विचारावे. संकोच वाटेल. वाटू द्यावा.

८. साक्षीदार. डॉक्टर शहापूरकर एक. दुसरे आण्णाप्पा ठरले होते. परंतु हरिभाऊंनी सांगितले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष केली तर त्याचे मिळणे जाते. आण्णाप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"मग खतच असू दे की," म्हणाले.

म्हणून मंगलला विचारले. ब्राह्मीचे शिलाई मशीन तिला द्यायचे माझ्या मनात होते. ते काल हातगाडीवरून तिच्या घरी पोचवले, म्हणजे तेही मृत्युपत्रात येत नाही. हरिभाऊ वरच्या पंख्याकडे पाहत राहिले. मग मी तिला म्हणालो, "साक्षीला सही लागेल. हजेरीला देतीस तसा अंगठा चालायचा न्हाय."

ती म्हणाली, "सातवी पास हाय मी अण्णा. हजेरीला मशीनवर अंगठाच मागत्यात, म्हणून अंगठा देते. सही आजवर कुणी मागितली न्हाय." मग तिने विचारले, "आख्खं नाव लिवलं तर चालतंय न्हवं?"

हरिभाऊ म्हणाले, चालते. जागा सोडली आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व तो मला कबूल आहे.

निपाणी, दिनांक १२ नोव्हेंबर २०२५

सही: क. पा. मगदूम

आमच्या समक्ष सही केली:

१. डॉ. ऋ. म. शहापूरकर

२. मंगल मष्णू नाईक, माहेरची मंगल भीमाप्पा तळवार, राहणार निपाणी