गालावरचा हात

सोनपेठ, ३ डिसेंबर १९५७
पोचलो एकदाचा! साताऱ्याहून इकडे बदली म्हणजे काळं पाणी, असं सगळ्यांनी घाबरवलं होतं. इथं तर कंपाउंडर चंद्रभानने गरम हुरडा पुढे केला. जागाही ऐसपैस आहे. गप्पांना कुणी नाही, पण डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची हत्यारं सोबत आहेत. सड्या माणसाला एवढा संसार पुष्कळ.

७ डिसेंबर
मेंढरं राखणाऱ्या कासाबाई नात घेऊन आल्या. बायना, वय चार. डाव्या पापणीपासून हनुवटीपर्यंत जन्माचा लालजांभळा डाग. अशा डागाखाली कधीकधी डोळ्यातलं पाणी कोंडतं, दाब वाढतो, नजर विझते. हिचा डोळा फुगून धुरकट झालाय. उजवा देवीच्या साथीत गेला, म्हणजे हाच उरलेला. बारीक छिद्र पाडून पाण्याला वाट द्यायला हवी.

डाग ग्रहणाचा का, असं मी थट्टेनं विचारलं. कासाबाई म्हणाल्या, "न्हाई, माझ्या हाताचा हाय." थोरली लेक तापानं गेली, तेव्हा पुरताना तिच्या गालावर त्यांनी शेंदराचा हात उमटवला. परत जन्मली की ओळखू यावी, ही त्यांच्या घरातली चाल. धाकटीच्या पोटी ती परतली म्हणे. डागाला खरंच पाच बोटं आहेत. मी हसलो. एकट्यानं जेवताना मात्र हसू आलं नाही.

११ डिसेंबर
चंद्रभानने ईथर दिलं, मी छिद्र पाडलं. अशा डोळ्यात आतून रक्त फुटायची धास्ती असते. फुटलं नाही! डोळा मऊ पडला. आनंद पोटात मावेना, आणि सांगायला कुणी नाही. शेवटी भिंतीलाच सांगितला.

१६ डिसेंबर
बायनाला दिसतंय. तिनं माझी मिशी ओढली. मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. कोण गं, असं चंद्रभानने विचारलं. ती म्हणाली, "मला तापात न्यायाला आल्ता त्यो." कासाबाईंचा चेहरा पडला.

१८ डिसेंबर
कासाबाई परत आल्या. मागं कोण आहे तुमच्या, विचारलं. कुणी नाही, म्हणालो. "मंग तुमाला कोन वळखावं, डाक्टर?" असं म्हणत त्यांनी शेंदराचा हात माझ्या डाव्या गालावर टेकवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. रागवायला हवं होतं. पण किती वर्षांनी कुणी गालाला हात लावला. मला रडू आलं.

१९ डिसेंबर
साबण, स्पिरीट, रॉकेल. निघत नाही. चंद्रभान माझ्याकडे बघत नाही.

२१ डिसेंबर
दिव्याभोवती रंगीत कडं. डावा डोळा दाबून पाहिला — दगड. पाणी कोंडलंय. थेंबांचा उपयोग नाही. स्वतःचा डोळा स्वतः कसा कापू? चंद्रभान मोटार आणायला गेलाय —

२२ डिसेंबर
तो दिसतो मला. शेजारीच उभा. घाई नाही त्याला —

मी हा डाग घेऊन परत जन्माला येणार. पाणी कोंडेल. डोळा जाईल — मी तर नसेन कापायला —

कासाबाई, ओळखत बसू नका. बाळाच्या गालावर हात दिसला की लगेच त्याला घेऊन —