डावं इंजिन दमलंय

३ नोव्हें. १९९८, मंगळ.
आज सुमनला पहिल्यांदा खुर्चीत बसवलं. वेताची खुर्ची, तिला जुन्या फियाटचा पट्टा, खाली बांधलेला मोठा स्पीकर, म्हणजे बसल्या जागी थरथरतं. समोर एस. पी. रोडच्या दुकानांतून जोडून आणलेला कॉम्प्युटर आणि त्यातल्या विमान उडवायच्या प्रोग्राममधलं माझं विमान. दोन वर्षं या खोलीत मी एकटाच उडतोय. लोक हसले, हीसुद्धा हसली. आता तेच कामाला येतंय.

रविवारी मस्कतहून मेघाचा फोन. सातवा संपत आला, बी.पी. वाढलंय, झोपून राहायला सांगितलंय. जावई साइटवर, पंधरा-पंधरा दिवस घरी नाहीत. "आई, तू ये ना." एवढंच बोलली पोर. काल २१ तारखेचं तिकीट काढलं. इथून मुंबई, तिथे हिचा भाऊ वसंत भेटेल, पुढच्या विमानात तोच बसवून देईल.

मला जाता येत नाही. उजव्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला, आत बोळा आहे. डॉक्टर म्हणाले, दोन महिने विमानाचं नाव काढू नका.

आणि सु. विमानात बसत नाही. दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नाला जाताना बसली होती. वर गेल्यावर इंजिनाचा आवाज एकदम उतरला. तो उतरतोच, वैमानिक मुद्दाम जोर कमी करतो. हिला वाटलं बंद पडलं. पट्टा सोडून उभी राहिली, पुढच्या माणसाची कॉलर धरली. मुंबई येईपर्यंत लोक वळून वळून बघत होते. परत रेल्वेने आलो. तेव्हापासून तो विषय बंद.

भीती आवाजाची आहे आणि आवाज हा माझा धंदा. चाळीस वर्षं या गावात मांडवात माईक-स्पीकर लावले. अठरा दिवस आहेत. चमचा-चमचा वाढवत न्यायचं.

५ नोव्हें., गुरु.
आवाज लावले. प्रोग्राममध्ये आवाज कमी-जास्त करायच्या वेगवेगळ्या पट्ट्या आहेत: इंजिन, कॉकपिट, वारा, इशाऱ्याच्या घंट्या. बाहेर माझे दोन जुने अॅम्प्लिफायर, डाव्या बॉक्सला एक, उजव्याला एक. बटणांवरचे आकडे मी जन्मात बघितले नाहीत. दोन्हींच्या मध्ये बसायचं, डोळे मिटायचे, दोन्हीकडून सारखं आलं की झालं. बटणांवर दसऱ्याच्या आयुधपूजेला सु.ने लावलेले कुंकवाचे ठिपके अजून आहेत. तेव्हा या डब्यांना नाक मुरडत होती, तरी ठिपका लावायला विसरली नाही.

सु. दोन मिनिटं बसली. हात मांडीखाली. आवाज उतरला तशी, "बंद करा." केलं.

कुंपणावरून शेजारचे गौडा, "अण्णा, स्वल्प कम्मी माडी. नातीची परीक्षा." कमी केलं. त्यांच्याच दारात कन्नड राज्योत्सवाचा भोंगा महिनाभर लागणार, तेव्हा नात कुठे बसून अभ्यास करते कोण जाणे.

८ नोव्हें., रवि.
वरच्या मजल्यावरची भाडेकरू अपर्णा आली. पुण्याची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, ऑफिसच्या कामाला महिन्यातून एकदा विमानाने मुंबई. तिला म्हटलं, ऐकून सांग. दारातच उभी राहिली, स्कूटीची किल्ली हातात. अर्ध्या मिनिटात, "काका, हे टू मच आहे. आम्हा पॅसेंजर्सना या बेल्स ऐकूच येत नाहीत. पुढचं दार बंद असतं."

खरंच की. मी सु.ला वैमानिकाच्या कानांनी बसवत होतो. एवढी वर्षं स्टेजवरून नव्हे, शेवटच्या रांगेतून ऐका असं पोरांना शिकवलं आणि स्वतः विसरलो. घंट्या शून्यावर. कॉकपिटचा खटखटाटही शून्यावर नेणार होतो, पण चाकं आत जातानाचा धप्प त्याच पट्टीत आहे आणि तो हवा, मागच्यांनाही तो ऐकू येतो. पट्टी चतकोर ठेवली. इंजिन वाढवलं.

सु. स्वयंपाकघरातून, "म्हणजे इतके दिवस मी फुकट घाबरले?"

१० नोव्हें., मंगळ.
युक्ती सापडली. धप्प झाला की मोजायला लागायचं, चाळीसला आवाज उतरतो. मी चालवतो, ती मोठ्याने मोजते. अडतीस, एकोणचाळीस... उतरला. खुर्चीचे हात धरून बसली, पण बसली. मग उतरेपर्यंत पूर्ण बसली. चाकं टेकली तेव्हा कपाळ पुसलं.

मोजताना पदर उजव्या कानावरून ओढून घेते आणि खुर्ची वीतभर डावीकडे सरकवते. म्हटलं, काय गं? "वारं लागतं." खिडकी बंद होती. असो. बसते आहे ना.

मेघाच्या पायांना सूज.

१३ नोव्हें., शुक्र.
वर चढताना, सु. एकवीसवर असताना, करंट गेला. पडदा काळा, आवाज शून्य. इतकी शांतता या खोलीत कधी झाली नव्हती. ती तशीच, पट्टा लावलेला, डोळे उघडे.

"पडलो का?"

"नाही गं. करंट गेला."

पट्टा सोडला, आत गेली, तांदूळ निवडत बसली. जेवताना वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. सगळं मुसळ केरात.

१६ नोव्हें., सोम.
दोन दिवस खुर्चीकडे फिरकली नाही. आज म्हणाली, "माझ्याच्याने नाही व्हायचं. जावयांच्या आईंना पाठवा."

"त्यांचे गुडघे. कशा जातील?"

"मग नर्स ठेवा म्हणावं."

मी बोलू नये ते बोललो. "मग हे मेघाला तूच सांग."

फोनपाशी गेली. मस्कतचा नंबर लिहिलेली चिठ्ठी समोर, रिसीव्हर हातात. मी दारात. तीन-चार आकडे फिरवले, थांबली, रिसीव्हर खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. मग खुर्चीत येऊन बसली आणि पट्टा स्वतः लावला. "किती वाढवायचाय तेवढा वाढवा."

वाढवला. काच खडखडली. ही मान डाव्या खांद्यावर टाकून, पदर दाबून, मोजत राहिली. उतरलो. परत म्हणाली, "अजून एकदा." चार वेळा.

तिला रडवून बसवलं मी. बसली हे खरं, पण.

१८ नोव्हें., बुध.
कानातला बोळा काढला. दवाखान्यातून बाहेर पडलो आणि उजवीकडून स्कूटर गेली ती डोक्यातून गेल्यासारखी. किती वर्षांनी त्या बाजूचं ऐकतोय.

घरी आल्याआल्या खुर्चीत बसलो, सु.च्या जागी, तिच्याच आवाजावर. सुरू केलं आणि उजवीकडून अशी थप्पड बसली की पट्टा ओढून उठलो. डावीकडे नुसती कुरकुर. अॅम्प्लिफायरकडे बघितलं. दसऱ्याला दोन्ही ठिपके सरळ वर होते. आता एक खिडकीकडे बघतोय, एक देवघराकडे. डावं चारवर, उजवं आठवर.

माझा उजवा कान बंद. मला सारखं वाटेपर्यंत मी उजवं वाढवत गेलो. चाळीस वर्षांचा धंदा. शाळेच्या गॅदरिंगला पहिल्यांदा माईक लावणारा पोरगाही ही चूक करणार नाही.

सु.ला हाक मारली. "इतके दिवस उजवीकडून एवढं येत होतं, बोलली का नाहीस?"

"मला काय माहीत? मला वाटलं विमान असंच असतं. उजवं ओरडतं, डावं दमलेलं."

"दमलेलं?"

"पहिल्या दिवसापासून वाटायचं, डावं इंजिन दमलंय. आता जाणार, आता जाणार. तुम्ही एवढ्या कौतुकाने लावलं होतं, कशाला बोलायचं. आणि रोज उतरलोच ना आपण? म्हटलं, एक गेलं तरी हे उतरतं. मग बसायला लागले."

आत जाऊन चहा करून आणला तिला. आयुष्यात तिसऱ्यांदा. साखर विसरलो, तिने तसाच प्यायला.

१९ नोव्हें., गुरु.
ठिपके सरळ केले. दोन्ही सहावर. डाव्या कानाने ऐकलं, उजव्याने ऐकलं, अपर्णाला खुर्चीत बसवून विचारलं. "परफेक्ट, काका. अगदी असंच असतं."

सु. बसली. बारा मोजून उठली.

"काय झालं?"

"आता दोन्ही सारखंच ओरडतात. कुठलं जाणार ते कळत नाही."

"कुठलंच जात नाही गं."

"ते तुम्ही म्हणता."

पुन्हा बसवली. नऊला उठली. पंधरा दिवस मी तिला खोटं विमान शिकवलं, आणि खोट्यात ती बसत होती. खऱ्याला दोन दिवस आहेत. पुन्हा चार-आठ करावं का? बसेल, पण शनिवारी वर गेल्यावर कोण करून देणार? रात्री मेघाचा फोन. "आई तयारी झाली का?" सु. म्हणाली, "डिंकाचे लाडू केलेत." प्रश्न तो नव्हता.

२० नोव्हें., शुक्र.
मीच म्हटलं, "हवं तर पूर्वीसारखं लावतो."

"खरं कसं असतं?"

"सारखं."

"मग हात लावू नका." खुर्चीत काही बसली नाही. दिवसभर बॅग भरत होती. मेतकूट, लाडू, बाळंतविडा, जुन्या लुगड्यांची दुपटी. भरलं, काढलं, परत भरलं. खोलीपुढून जाताना दार ओढून घेते.

मी विचारलं नाही जातेस ना. तिने सांगितलं नाही.

२१ नोव्हें., शनि.
सकाळी उठून न्हाली, नवं पातळ नेसली, ऑटोत बसली. ऑटोवाल्याला "बेग होगी, विमान आहे" असं कन्नड-मराठी एकत्र करून लवकर चालव म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "सरी अम्मा." अपर्णा स्कूटीवरून मागे.

काउंटरच्या मुलीने विचारलं, खिडकी हवी का. ही म्हणाली, "खिडकी बेड. बलगडे कोडी." मुलगी गोंधळली. सु.ने उजवा हात वर करून दाखवला. "खिडकी नको, उजवीकडची जागा."

मी हळूच, "तिकडची का?"

"तिकडचं इंजिन आपलं धट्टंकट्टं आहे."

मी म्हणणार होतो की आता दोन्ही सारखी आहेत. नाही म्हटलं. तपासणीच्या पडद्याकडे जाताना तिने मागे वळून फक्त विचारलं, "चाळीस ना?"

"चाळीस."

बाहेर रस्त्याला कुंपणापाशी उभे राहिलो, मी आणि अपर्णा. तीन-दहाचं विमान तीन-पंचवीसला सुटलं. दोन्ही कानांनी ऐकलं. चाकं आत गेल्यासारखी दिसली तेव्हा मोजायला लागलो. अपर्णाही मोजत होती, तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिसाला ते इतकं लांब गेलं की आवाजच येईना. चाळीसला उतरला की नाही ते खालून कळत नाही. हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

घरी. पाच वाजता उतरलं असेल. वसंत तिथल्या बूथवरून फोन करणार आहे.

पाच पस्तीस. नाही आला.

खोलीत जाऊन आलो. खुर्ची अजून वीतभर डावीकडे आहे, सरळ केली नाही. बूथवर रांग असेल. किंवा बॅगा यायला वेळ. किंवा.

पाच पन्नास. गौडांच्या दारात भोंगा सुरू झाला. कुंपणापाशी जाऊन सांगितलं, "स्वल्प कम्मी माडी. फोन यायचाय." काय वाटलं त्यांना, माझ्या तोंडाकडे बघून पूर्ण बंदच केला.

आता कुठूनच काही ऐकू येत नाही. मोजतोय.