सर्वानुमते

भोकरदन, रविवार, संध्याकाळ

आमच्या वाचक मंडळात कादंबरीवर चर्चा झाली की अध्यक्ष असलेले सर मंडळाचं मत वहीत लिहितात आणि खाली आम्ही सगळे सह्या करतो. आज त्यांनी लिहिलं, 'नायिकेची भाषा अवास्तव. सर्वानुमते.'

नायिका रोजानं शेतात जाते. 'मंग', 'न्हाई' असं बोलते. "असं कोण बोलतं हो आता?" सर म्हणाले. सगळे हसले. मीही. का हसले मी?

असं माझी आई बोलते. धावड्याहून सकाळीच तिचा फोन आल्ता, "काय करून राह्यली गं?" आल्ता नाही, आला होता. इथंसुद्धा सुधारतेय मी.

वही माझ्याकडे आली. 'सर्वानुमते' वाचून पेन अडलं. सरांनी विचारलं, "मॅडम, तुमचं काही वेगळं मत आहे का?"

"न्हाई," मी म्हणाले.

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हाच म्हणायचं होतं, बघा, मी बोलते असं. पण मी पडले मराठीची शिक्षिका. घाईनं "नाही, सर" म्हणाले आणि सही केली.

सर्वानुमते. म्हणजे माझी आई अवास्तव आहे, असं आता माझ्या सहीनिशी लिहिलंय.