भांडे रिकामे परत जात नाही

१४ डिसेंबर
लेकीचा फोन. वर्षअखेरच्या सुट्टीत येणार आहे आणि बाबा एकटे राहू शकतात की नाही, हे एकदाचे डोळ्यांनी पाहणार आहे. राहू शकत नसल्यास या घराला कुलूप लावून मला आपल्याकडे नेणार. माझे उत्तम चालले आहे, असे मी शांतपणे सांगितले. फोन ठेवून शाल डोक्यावरून ओढून घेतली. थंडीमुळे.

दाराला कडी, साखळी आणि आतून खुर्ची लावतो, ती भीतीपोटी नव्हे. विमा कंपनीत जोखीम-सर्व्हेअर म्हणून हयात घालवलेल्या माणसाची ती शिस्त आहे. भीती हा शब्द या रोजनिशीत येणार नाही.

१५ डिसेंबर
ओट्यावर शेजाऱ्यांच्या भांड्यांचा मनोरा. ही गेली त्या दिवसांत जिन्यातील प्रत्येक घरातून जेवण आले. जेवण संपले, भांडी राहिली. हिचा नियम असा की कोणाचे भांडे रिकामे परत जात नाही. मला स्वयंपाक येत नाही. सबब भांडी गेली नाहीत.

शेजारी भांडी मागत नाहीत. जिन्यात गाठून कसे आहात, एवढेच विचारतात. या प्रश्नाला सविस्तर उत्तर देण्यास मला सवड नसते. म्हणून जिना मोकळा झाल्याची खात्री करूनच दूध आणावयास उतरतो.

संकल्प: सुट्टीनिमित्त सर्व भांडी भरून परत. अल्प खर्चात अर्थपूर्ण भेट. बाबांचा शेजार शाबूत आहे, हे लेकीला आपोआप दिसेल.

१७ डिसेंबर
बिस्किटे केली. पहिली खेप कच्ची, दुसरी काळी. दोष ओव्हनचा. धूर घालवण्यासाठी खिडकी उघडली, तर तळमजल्यावरचा टेलर खालून ओरडला: काका, काही पेटलंय की तुम्हीच पेटलात? मी खिडकीखाली बसून राहिलो. तिथली धूळ पुसायची राहिलीच होती.

१९ डिसेंबर
उत्तम कल्पना सुचली. कंपनी दरवर्षी टेबलावरचे घड्याळ भेट देत असे. कपाटात साठली आहेत. ती सगळी चालू ठेवण्याचे काम हिचे. अलीकडे संध्याकाळी घर इतके गप्प होते की ती सर्व मिळून ऐकू येतात, जणू कोणी आत येण्याआधी विचार करीत आहे. त्यांना चांगले घर मिळावे, एवढाच हेतू.

२१ डिसेंबर
प्रत्येक भांड्यात एक घड्याळ. सेल नवे घातले. भेट चालू स्थितीत द्यावी. वर तपकिरी कागद आणि चिकटपट्टीचे भरपूर वेढे. पातेल्यात टिकटिक अधिक खणखणीत वाटते. नाव लिहिले नाही. दानाचा गवगवा नसावा.

२३ डिसेंबर, दुपार
वाटप पूर्ण. पुडके दाराशी ठेवावे, बेल दाबावी आणि जिना उतरावा. पळालो नाही, भरभर चाललो. वरच्या शिक्षिकाबाईंचे दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा एक चप्पल सुटली. ती नंतर आणीन.

२३ डिसेंबर, संध्याकाळ
लेक उद्या सकाळी पोहोचेल. प्रसन्न आहे. खाली आरडाओरडा कसला चालू आहे, पाहिले पाहिजे. उद्या पाहीन.

२४ डिसेंबर, सकाळ
सोसायटीचे चिटणीस दारावर थापा मारीत होते. दारोदार टिकटिक करणारी पुडकी सापडली आहेत. कोणा भेकडाने ठेवून पळ काढला, शिवाय चप्पलही टाकून गेला. पोलिसांना बोलवायचेच, पण आधी तुम्ही एक नजर टाका, जन्मभर धोकेच तपासलेत ना, म्हणाले. भेकड हा शब्द ऐकल्यावर खुलासा करणे अवघड झाले. मी गंभीरपणे मान हलवली.

सगळे कुटुंबकबिल्यासह अंगणात कुडकुडत उभे. पुडकी वाळूवर ओळीने मांडलेली. आत काय आहे ते मला ठाऊक असूनही कान लावताच दोन पावले मागे सरकलो. कोणी हात लावू नये, असा अभिप्राय दिला. परत वर आलो, तर माझ्याच दाराशी वर्तमानपत्रात बांधलेले एक पुडके. हे मी ठेवलेले नव्हते. कान लावला. टिकटिक नाही. म्हणजे अधिक धोकादायक!

ओरडलो असे चिटणीस म्हणतात. मी सूचना दिली. पुडके हात लांब करून अंगणात आणले, पाण्याच्या बादलीत बुडवले आणि वर झाकण घालून वीट ठेवली. नेमकी त्याच वेळी लेक फाटकातून आत आली आणि तिने पाहिले: एका पायात चप्पल घातलेले बाबा बादलीवर पहारा देत आहेत.

तिने कोणाला न विचारता एक पुडके फाडले. आतून कंपनीचे घड्याळ निघाले. टेलर पुढे सरकला: अहो, हे तर आमचं पातेलं! मग सगळ्यांनी आपापली भांडी ओळखली. चिटणीसांनी माझ्या पायाकडे पाहिले. हसण्याची सुरुवात शिक्षिकाबाईंनी केली.

नंतर त्यांनीच बादलीत हात घातला. आतून हिचा झाकणाचा डबा निघाला. इस्पितळात जाण्यापूर्वी हिने काहीतरी घालून तो त्यांच्याकडे पाठवला होता. अहो, बेल वाजवली तर तुम्ही दार उघडत नाही, म्हणून तुम्ही खाली असताना गुपचूप ठेवून आले, म्हणाल्या. रिकामा कसा देणार? हिनेच शिकवलेली बिस्किटे त्यांनी भरली होती. त्यांचा लगदा झाला होता.

मी तो चमच्याने खाल्ला. सगळा.

२८ डिसेंबर
लेक आज परतली. निर्णय: बाबा एकटे राहण्यास सर्वथा नालायक आहेत. तरीही इथेच राहतील. माझ्याकडे तुम्हाला सांभाळायला मी एकटी, इथे अख्खा जिना आहे. तुम्ही बॉम्ब वाटलेत तरी ही माणसं तुम्हाला सोडत नाहीत, म्हणाली. अट एकच: रोज संध्याकाळी कोणीतरी बेल वाजवील आणि मी दार उघडायचे. दारामागची खुर्ची ती गाडीत घालून घेऊन गेली.

घड्याळे सर्वांनी ठेवून घेतली. टेलरचे शिलाईचे काम अद्याप उशिराच होते.

हिचा डबा घासून फळीवर ठेवला. आपलाच आहे. कोणाला परत द्यायचा नाही, म्हणून भरायचाही नाही. हे सोयीचे आहे, असे सकाळपासून स्वतःला सांगतो आहे.

घर गप्प आहे. टिकटिकही नाही.

बेल वाजली. टेलर असावा. नसेलही. भीती वाटते.

उघडतो.