विहीरवाल्याचा दोर

तनौंगबिन,
तबोद्वे शुद्ध चतुर्थी

ती. अमा यांच्या पायाशी,
धाकट्या बहिणीचा, मा त्वेचा, तीनदा वाकून सा. न. वि. वि.

तू डोकं भादरून गुलाबी वस्त्रं नेसलीस आणि सगाईंगच्या टेकडीवर जाऊन बसलीस, तेव्हापासून मी तुला वाकते आहे. सख्खी बहीण असून वाकते, आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. पण या उतारवयात मला आणखी कोणापुढे वाकावं लागतंय ते ऐकशील तर हातातली माळ खाली ठेवशील. माझ्या नवऱ्यापुढे.

आधीपासून सांगते. आमच्या ऊ ऑन पेच्या जिभेच्या मुळाशी गाठ आहे आणि ती कॅन्सरची आहे, हे तुला कळलेलंच आहे. मंडालेच्या डॉक्टरांनी शेक द्यायचं ठरवलंय. शेक म्हणजे चुलीचा नव्हे, किरणांचा. पुढच्या महिन्यात, तबौंगच्या पौर्णिमेला सुरू होणार. आमची नात आइंद्रा मंडालेहून मुद्दाम येऊन घरची तयारी समजावून गेली. किडके दात आधी काढून घ्यायचे, कारण शेकानंतर काढले तर जबड्याचं हाड नीट भरत नाही. दातांच्या जखमा सुकल्याशिवाय शेक सुरूच करत नाहीत, आणि एकदा नंबर हुकला की मग बसा वाट बघत. तंबाखूचा विडा बंद. मीठ-सोड्याच्या पाण्याने सारख्या चुळा. तोंड मोठं उघडायचा सराव, तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. आणि खायचं, भरपूर खायचं, कारण पुढे घास गिळवत नाही.

खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला. आयुष्यभर या माणसाने मला काही करू दिलं नाही. विहिरी खणायच्या, चिखलाने भरून घरी यायचं, ताटात पडेल ते खायचं आणि झोपायचं. आता माझ्या हाती सापडला म्हटलं. सुपारी, कात, चुना, तंबाखू सगळं उकिरड्यावर टाकलं. आपल्या आईचा लाखेचा पानाचा डबा घासून त्यात मीठ आणि सोडा भरला. (आईला आवडलं नसतं. पण तिच्या तोंडात शेवटी एक दात नव्हता, तेव्हा तिने बोलू नये.) कोंबड्या कापायच्या ठरवल्या. शेजारची दॉ न्युन मानेला चोळायला बाम घेऊन आली, तिला उंबऱ्यावरूनच परत लावलं.

तर म्हातारा म्हणाला, शेकाच्या आधी थोडं पुण्य गाठीला बांधतो, आठवडाभर विहारात जाऊन चीवर घालतो. बायकोची परवानगी लागते ना, ती मागितली. पुण्याला कोण नाही म्हणतं. मीच त्याचे केस पांढऱ्या कापडात झेलले, साधु साधु म्हटलं. आठवडा कधीच संपला. गृहस्थ परत यायचं नाव काढत नाही.

आता बघ कशी अडकले मी. दुपारी बारानंतर भिक्षूने अन्न घ्यायचं नाही. ज्याच्या अंगावर मांस चढवायचं, तो संध्याकाळी उपाशी. बायका विहारात विड्यांचं दान करतात, पुण्य म्हणून, आणि हे बसलेत विड्याने गाल फुगवून. रागवावं तर चीवरातल्या माणसाला रागवता येत नाही. हात जोडून भंते म्हणायचं, तीनदा डोकं टेकायचं, आणि पोटातलं पोटात घेऊन घरी यायचं. माझ्या पोटात आता जागा उरलेली नाही, अमा.

काय करू ते कळव. लेकरावर असते तशी मायेची मेत्ता या वेडीवर असू दे.

तुझी,
मा त्वे


सगाईंग,
तबोद्वे शुद्ध अष्टमी

चि. मा त्वे हिस,
थोरल्या बहिणीचे अ. आ.

पत्र पावलं. पिकअपवाल्याने ते केळ्यांच्या घडाखाली ठेवलं होतं, त्यामुळे अर्धं चिकटलं होतं, पण तुझा राग केळ्यांनी झाकला जाण्यातला नव्हे. मी हसले. मग इथल्या लहान भिक्षुणींना विहिरीवर पाठवलं आणि पुन्हा एकदा वाचून हसले. लहानपणी चिंचेवरून खाली उतर म्हणून बाबांनी विनवलं तरी न वाकणारी तू, आता रोज तीनदा वाकतेस. ऊ ऑन पेला दुसरं कसलं नाही तरी एवढं पुण्य नक्की लागलं.

आता कामाचं. आजारी भिक्षूला दुपारनंतरही तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ औषध म्हणून चालतात. हे माझं नव्हे, भगवंताचं सांगणं आहे. सकाळची पेज आणि बाराच्या आतलं जेवण तुझ्या हातात आहेच. भिक्षापात्रात जे पडेल ते भिक्षू नाकारत नाही, हे तुला मी सांगायला नको. आणि रागवता येत नाही हे खरं, पण तक्रार करता येते. मोठ्या भंतेंकडे जा, रीतीने बस आणि सांग. रीतीने, मा त्वे. पदर खोचून नव्हे.

विडे देणाऱ्या बायकांचं मात्र तुझं तू बघ. तिथे मी काही पाहिलं नाही, ऐकलं नाही.

गाठीची काळजी मलाही आहे. रोज संध्याकाळी त्याच्या नावाने मेत्ता करते. आहे तशी माया ठेव आणि उत्तर लवकर धाड.

दॉ खेमावती


तनौंगबिन,
तबोद्वे पौर्णिमेचा दुसरा दिवस

ती. अमा यांस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. काही जास्तही केलं, ते तू ऐकलं नाहीस असं समज.

दॉ न्युन विड्यांची परडी घेऊन विहाराकडे निघाली होती. तिला मी रस्त्यातच विचारलं, की बाई, आजारी माणसाच्या तोंडात तंबाखू घालून तुला कुठला स्वर्ग मिळणार आहे तो सांग, मीही येते बघायला. ती म्हणाली, दान देणाऱ्याने घेणाऱ्याचं तोंड तपासायचं नसतं. म्हटलं, मग डोळे मिटून म्हशीला दे. त्यावर आमचं जे झालं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. दुसऱ्या दिवशी परडीत विड्यांऐवजी केळी होती.

मग मोठ्या भंतेंकडे गेले. रीतीने बसले. सगळं सांगितलं. त्यांचे ओठ लालभडक, शेजारी पिकदाणी, आणि मी यांच्यापुढे विड्याची तक्रार करते आहे. भंतेंनी पिकदाणी पायाने पलंगाखाली सरकवली आणि म्हणाले, आजारी इथे आहे तोवर या विहारात विडा येणार नाही. अमा, त्या दिवसापासून मोठे भंते सगळ्यांवर खेकसतात आणि गाव मला दोष देतं. देऊ दे.

खाण्याचं जमलं. पहाटे हे भिक्षेला आले की पात्रात पेज, त्यात अंडं, वर शेंगदाण्याचं तेल. बाराच्या आत मासा, कोंबडी, मऊ भात. संध्याकाळी ताडगूळ, तीळतेल, मध, तुझ्या भगवंताच्या नावाने. काल पौर्णिमेचं थमने केलं, चिकट भातात तीळ-खोबरं घालून, बाप्ये घामाघूम होईपर्यंत घोटत होते. त्यातलं मऊसूत मी पुढे करून ठेवलं. गाल जरा वर आलेत. तीन बोटं अजून जात नाहीत, अडीच जातात. दुरून बघते ना, जवळ जाता येत नाही.

पण दात. दातांचं घोडं अडलंय. श्वेबोला दात काढणारी डॉक्टर बाई आहे, आणि भिक्षूला बाईने हात लावायचा नाही. हे मला त्याने कसं सांगितलं म्हणतेस? खाली बघत, शांतपणे, जणू जन्मापासून चीवरातच आहे. पुरुष डॉक्टर बघू म्हटलं तर म्हणे घाई काय. घाई काय! पुढच्या पौर्णिमेला नंबर आहे, जखमा सुकायला दिवस लागतात, आणि हा माणूस घाई काय विचारतो. लग्नानंतर मला पहिल्यांदा वाटलं, की हा आळशी आहे. आळशी तर तो कधीच नव्हता.

मला राग इतका आलाय की भाताला मीठ दोनदा पडतंय. तुझा हात डोक्यावर असू दे.

मा त्वे


सगाईंग,
तबोद्वे वद्य तृतीया

चि. मा त्वे हिस,
अ. आ.

थोडंच लिहिते. तूच लिहिलंयस, की तो आळशी कधीच नव्हता. मग हे आळसाचं दिसत नाही. विडा गेला, जेवण मिळालं, तरी चीवर सोडवत नाही, म्हणजे तो पुण्यासाठी बसलेला नाही आणि विड्यासाठीही नाही. आमच्याकडे पुष्कळ जणी अशा येऊन बसतात. आत काही मिळवायला नाही, बाहेर कशाची तरी भीती असते म्हणून. मंडालेला त्याला काय दाखवलं, ते तू विचारलंस का? रागवायच्या आधी विचार. नंतर हवं तेवढं रागव.

माया आहेच, ती पत्रागणिक मागत जाऊ नकोस.

दॉ खेमावती


तनौंगबिन,
तबोद्वे वद्य सप्तमी

ती. अमा यांस,
तीनदा नव्हे, या वेळी सहादा नमस्कार.

विचारलं. विहाराच्या ओट्यावर, मोठे भंते समोर असताना, वाकून विचारलं. आमच्या म्हाताऱ्याने चीवराच्या टोकाशी चाळा करत सांगितलं. मंडालेला त्यांना एक जाळी दाखवली होती. प्लास्टिकची. गरम पाण्यात मऊ करून माणसाच्या चेहऱ्यावर दाबतात, ती चेहऱ्यासारखी होऊन घट्ट बसते, आणि मग रोज शेकाच्या वेळी तीच तोंडावर चढवून पलंगाला खिट्ट्यांनी अडकवतात. डोकं हलू नये म्हणून. आणि खोलीत एकट्याला ठेवून सगळे बाहेर जातात.

अमा, तेव्हा मला कळलं. तुला ती मांजीडॉ गावची विहीर आठवते? आमचं नवं लग्न, तू आईच्या घरी होतीस. कडा ढासळली आणि हा माणूस मातीत नाकापर्यंत गेला. काठावर दोर धरून मी होते. तीन हिसके आले, म्हणजे वर काढा, आणि मग दोर हलायचा थांबला. माणसं गोळा करून, ओरडून, हातांनी माती उपसून आम्ही त्याला काढला. त्यानंतर त्याने आणखी पुष्कळ विहिरी खणल्या. पण थंडीत कधी तोंडावरून पांघरूण घेतलं नाही, मच्छरदाणीसुद्धा नको म्हणतो. मी त्याला इतकी वर्षं चिडवत आले, की डासांना जेवण घालतोस.

राग कुठल्या कुठे गेला असं लिहिलं तर खोटं होईल. राग आला, पण दुसरा. म्हटलं, हे मला न सांगता एवढे दिवस मला वाकवत बसलात. तसं मोठ्याने म्हणता येईना. मग मी एवढंच म्हटलं:

“भंते, विहीर ढासळली तेव्हा दोर कोणाच्या हातात होता?”

मी घरी गेले, तांदूळ चाळायची बांबूची चाळण आणि जुना दोर घेऊन आले. विहाराच्या अंगणात चिंचेखाली चटई टाकली, आडवी पडले, दोर मनगटाला बांधून दुसरं टोक म्हाताऱ्यापुढे टाकलं, चाळण तोंडावर घेतली आणि पंच्याने घट्ट बांधली. मोठे भंते भिंतीकडे तोंड करून बसले, कारण म्हातारीने असं पडणं शोभत नाही. न शोभू दे. चाळणीतून मी सांगितलं, की श्वास येतो, आभाळ दिसतं, आणि चिंचा यंदा बऱ्या धरल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात म्हातारा उभा. लुंगी, जुना सदरा, तुळतुळीत डोकं. मी सवयीने गुडघे टेकायला गेले तर त्याने हात धरून उठवलं आणि हसला. मग मी सुरुवात केली. विड्यापासून केली, मग मुलीच्या लग्नात बैल विकला तिथे आले, मग गळक्या छपरावर, तिथून त्याच्या भावावर. इतक्या दिवसांचं साचलं होतं. तो ओसरीवर बसून ऐकत होता आणि मधेमधे तोंड उघडून बोटं घालून बघत होता. आता तीन जातात.

दुपारीच श्वेबोला नेलं. डॉक्टर बाईने चार दात काढले. आधी तोच बाईला म्हणाला, तुम्ही हात लावा, आता काही हरकत नाही.

तुझीच,
मा त्वे


मंडाले,
तबौंग वद्य प्रतिपदा

ती. अमा यांस,
आइंद्राच्या खोलीतून सा. न. वि. वि.

जखमा छान सुकल्या. वजन वाढलं म्हणून डॉक्टर खूश आणि मी तर विचारूच नको. पण मुद्द्याचं सांगते.

घरी रोज सराव केला. तो चटईवर, तोंडावर चाळण, मनगटाला दोर, दुसरं टोक माझ्या हातात. पहिल्या दिवशी चाळण टेकताच तीन हिसके दिले. मी लगेच सोडवलं, काही बोलले नाही. मग मला सुचलं. मी म्हटलं, मी रागवायला सुरुवात करते, माझं संपेपर्यंत पडून राहायचं. नको झालं तर दोर ओढा. हळूहळू तो बैलापर्यंत टिकला, मग छपरापर्यंत, मग भावापर्यंत. माझं रागावणं नेहमी त्याच क्रमाने जातं, असं तो म्हणतो. मला माहीत नव्हतं.

काल पहिला शेक होता. दोर आत नेऊ दिला नाही. तिथल्या माणसाने सांगितलं, आम्ही बाहेरून बघत असतो, काही वाटलं तर हात वर करा, लगेच येतो. म्हातारा म्हणाला, म्हणजे दोरच. जाळी त्याने हाताने चाचपून बघितली, आणि आत गेला. मोठं जाड दार लागलं, आणि मी बाहेर बाकावर, रिकाम्या हाताने. विहिरीच्या काठावर एक समजत असतं, अमा. हिसके आले नाहीत म्हणजे खाली सगळं ठीक. पण तेव्हा दोर हातात तरी असतो.

काय करू ते सुचेना, म्हणून मी पुटपुटत रागवायला लागले. विडा. बैल. शेजारची माणसं सरकून बसली. सरकू दे. छपराशी आले आणि दार उघडलं.

बाहेर आला तो गालांवर, कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले, जणू चाळणीतून चाळून काढलेला. हात वर केला नव्हता. माझ्याजवळ बसला, पाणी प्यायला, मीठ-सोड्याची चूळ भरली आणि म्हणाला, आत पडल्या पडल्या तुझं सगळं मनात म्हणत होतो. छपरापर्यंत आलो तेवढ्यात दार उघडलं.

आज पुन्हा आहे. मी भावाच्या गोष्टीत थोडी भर घालून ठेवली आहे.

मेत्ता मागत नाही, तू रागावतेस. पण द्यायला विसरू नकोस.

तुझी,
मा त्वे